खाणारे एकीकडे, कोंबड्या दुसरीकडे

हरयाणात मांसाहार करणारी माणसं दहातली तीन. २०१४ साली सरकारच्या नमुना नोंदणी योजनेतून जी पाहणी झाली, तिच्यातला हा आकडा. राजस्थानात तर चारातला एकच. तरीही २०१९ च्या पशुगणनेत हरयाणात ४ कोटी ६३ लाख कुक्कुट पक्षी निघाले आणि देशात त्या राज्याचा आठवा क्रमांक लागला. पंचकुला जिल्ह्यातला बरवाला-रायपूर रानीचा टापू म्हणजे उत्तरेतली अंड्यांची मोठी पेठ. अजमेर आपल्याला दर्ग्यासाठी ठाऊक असतं, अंड्याच्या व्यापाऱ्याला ते भावासाठी ठाऊक असतं. उलट पश्चिम बंगालमध्ये शंभरातली अठ्ठ्याण्णव माणसं सामिष, आणि कोलकात्याच्या बाजारात अंडं वर्षानुवर्षं उतरत आलं ते आंध्रातून. बिहार मका पिकवतो, तो मका रेल्वेने दक्षिणेत जातो, कोंबडीच्या पोटातून त्याचं अंडं होतं आणि त्यातली काही अंडी ट्रकमध्ये बसून पुन्हा बिहारच्याच बाजारात येतात. लोकसंख्येत पहिला असलेल्या उत्तर प्रदेशात २०१९ साली कोंबड्या दीड कोटीही नव्हत्या. तामिळनाडूत त्या १२ कोटींच्या वर होत्या.

म्हणजे कोंबडी खाणाऱ्याच्या दाराशी वसली नाही. मग ती कुठे वसली आणि कोणी वसवली, याची गोष्ट साधारण शंभर वर्षांची आहे, आणि तिची सुरुवात नेमकी त्या उत्तर प्रदेशातच होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत एटा या गावी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने कोंबड्यांचं एक केंद्र काढलं. स्लेटर नावाचे मिशनरी ते चालवत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या गोरगरिबांना शेती नव्हती, जनावर परवडत नव्हतं. मग परदेशी जातीचे कोंबडे आणून गावठी कोंबड्यांशी त्यांचा संकर करायचा आणि ती पिल्लं वाटायची, असा हा उद्योग. भारतात कोंबडीकडे धंदा म्हणून पाहण्याचा हा पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक. पण संकराच्या कोंबडीलाही मर चुकली नाही. १९२०च्या दशकाच्या शेवटी कुमाऊँच्या डोंगरात राणीखेतला कोंबड्या पटापट मेल्या आणि त्या रोगाला गावाचंच नाव चिकटलं. आपल्याकडे त्यालाच मानमोडी म्हणतात. कोंबडी मान वाकडी करते, गिरक्या घेते, हिरवट हगते आणि दोन-चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं होतं. हजार कोंबड्या एका छपराखाली ठेवायचं धाडस या रोगाला आवर घातल्याशिवाय शक्यच नव्हतं. तो आवर घातला राणीखेतपासून फार दूर नसलेल्या मुक्तेश्वरने. तिथल्या सरकारी पशुवैद्यक संस्थेत १९४०च्या दशकात लस तयार झाली, आणि ‘मुक्तेश्वर स्ट्रेन’ हे तिचं नाव आजही पशुवैद्यकाच्या तोंडी असतं. पुढे १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था निघाली तीही बरेलीजवळच्या इज्जतनगरला.

एटा, राणीखेत, मुक्तेश्वर, इज्जतनगर: सगळं एकाच जुन्या संयुक्त प्रांतातलं. विद्या उत्तरेत पिकली, कोंबड्या मात्र गेल्या दक्षिणेत. विद्यापीठाशेजारच्या गावातच अडाणीपण टिकावं तसा हा प्रकार आहे, आणि त्याचं खापर एकट्या उत्तर प्रदेशावर फोडण्यात अर्थ नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा कोंबडी ही बायकांची मिळकत होती. परसात पाच-सात कोंबड्या, रात्री डालग्याखाली झाकायच्या, अंडी आठवडी बाजारात न्यायची आणि येताना मीठ-तेल आणायचं. कोंबडी खुडूक बसली की महिनाभर अंडं बंद. १९५०-५१ साली देशात वर्षाला सुमारे १८३ कोटी अंडी निघत. माणशी पाच. म्हणजे अंडं हे आजारी माणसाचं, बाळंतिणीचं किंवा इराण्याच्या हॉटेलात जाणाऱ्याचं खाणं होतं.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सरकारने कोंबडीचा विचार केला आणि तो सरकारी पद्धतीनेच केला. मुंबईत आरे वसाहतीत, बंगळूरजवळ हेसरघट्टाला, भुवनेश्वरला, दिल्लीला, सिमल्याला अशी प्रजनन केंद्रं निघाली. पूर्वेला एक, पश्चिमेला एक, दक्षिणेला एक, उत्तरेला दोन. कोणी रुसायला नको! राज्यांचीही केंद्रं होती. पुण्याजवळ खडकीला सरकारी उबवणी केंद्र होतं. तिथली लेगहॉर्नची पिल्लं आणि ऱ्होड आयलंड रेडचे तांबडे कोंबडे गावोगाव वाटले जात. कागदावरचा हा नकाशा अगदी समतोल होता. देशात कोंबड्या सारख्या वाटून वाढल्या असत्या तर आज लिहायला काही उरलंच नसतं.

समतोल बिघडवला तो संकरित पिल्लाने.

१९६०च्या दशकात परदेशी कंपन्यांच्या भागीदारीत खासगी हॅचऱ्या निघू लागल्या. पुण्यात आर्बर एकर्स आली. दिल्लीजवळ १९६७ मध्ये केग फार्म्स निघालं. त्याच केगने पुढे परसातल्या कोंबडीसाठी ‘कुरॉयलर’ काढली, पण ती गोष्ट वेगळी. या हॅचऱ्यांची कोंबडी वर्षाला दोन-अडीचशे अंडी द्यायची (आजची तीनशेच्या वर देते) आणि खुडूक बसायचं तर ती विसरूनच गेली होती. तिची मेख अशी की तिच्या अंड्यातून शेतकऱ्याला तीच कोंबडी पुन्हा काढता येत नाही. आजी-आजोबा कंपनीकडे, आई-बाप हॅचरीकडे, आणि शेतकऱ्याकडे फक्त शेवटची पिढी. दर बॅचला नवं पिल्लू विकत घ्यायचं. आणि पिल्लू अंड्यातून निघालं की पोटातल्या बलकावर दोन-अडीच दिवस दाणापाण्यावाचून तग धरतं. पुठ्ठ्याचं भोकं पाडलेलं खोकं, आत चार खण, खणात पंचवीस पिल्लं, वर दोन-चार जादा, मेलीच वाटेत तर हिशेब जुळावा म्हणून. हे खोकं ज्या गावाला दोन दिवसांत पोचतं, तिथेच धंदा उभा राहतो. सरकारी केंद्र प्रत्येक दिशेला होतं. चांगली हॅचरी, औषधांचं दुकान, खाद्याची गिरणी आणि उसनवारी करणारा व्यापारी हे सगळं एका दिवसाच्या अंतरात असलेली गावं मात्र मोजकीच होती.

हैदराबादेत ते जमलं. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी तिथे व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. आधी अमेरिकेतल्या बॅबकॉकशी भागीदारी करून अंड्याची कोंबडी, पुढे कॉबशी भागीदारी करून मांसाची. अंड्याच्या कोंबडीचं ‘बीव्ही ३००’ आणि ब्रॉयलरचं ‘व्हेनकॉब’ ही नावं आज पोल्ट्रीवाल्याच्या तोंडी बियाण्याच्या वाणासारखी असतात. आंध्रात गिऱ्हाईक तयार होतं. गोदावरी आणि कृष्णेच्या कालव्यांवर भाताची दोन-दोन पिकं काढणारा शेतकरी हाताशी पैसा बाळगून होता, आणि तो पैसा शेतीबाहेर कुठे घालावा या शोधात होता. कुणी सिनेमाचं थेटर काढलं, कुणी राइस मिल, कुणी चिट फंड. राइस मिलमधून कणी आणि कोंडा निघे, तो कोंबडीला चाले. तेलंगणात मका होता, किनाऱ्यावर मासळीचा कुटा. तणुकूसारख्या पश्चिम गोदावरीतल्या गावांभोवती शेड उभ्या राहिल्या, आणि गोदावरीच्या अंड्याने पूर्वेचा रस्ता धरला: ओडिशा, बंगाल, आसाम. अंडं पिल्लासारखं नाजूक नाही. फुटतं, पण तीन दिवसांच्या प्रवासाने मरत नाही. म्हणून अंडं दूरवर पिकवता येतं.

पण दूरवर पिकवलेल्या मालाचा भाव दूरवरच ठरतो. १९८० च्या आसपास अंड्याचा भाव दिल्ली, मुंबई आणि कोलकात्यातले घाऊक व्यापारी ठरवत. ट्रक निघाला की शेतकऱ्याच्या हातात काही उरत नसे. अंडं परत आणता येत नाही आणि कोंबडीला आज अंडं घालू नकोस असं सांगता येत नाही. उन्हाळ्यात उत्तरेतली मागणी पडली, किंवा श्रावण-नवरात्र आलं, की भाव उत्पादन खर्चाच्या खाली. १९८१-८२ मध्ये हे इतकं टोकाला गेलं की हजारो लहान फार्म बंद पडण्याच्या वाटेवर होते. आणि फार्म बंद पडले तर पिल्लं कोण घेणार? हॅचरीवाल्या रावांचा स्वार्थ आणि शेतकऱ्याचा स्वार्थ इथे एक झाला. राव आणि त्यांचे सहकारी देशभर हिंडले, शेतकऱ्यांच्या तीनशेवर बैठका घेतल्या आणि मे १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. ‘माझं अंडं, माझा भाव, माझं जीवन’ अशा अर्थाची तिची घोषणा होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं कांदा-ऊस आंदोलन नुकतंच पेटून गेलेलं होतं. रास्त भावाची भाषा हवेतच होती. फरक इतकाच की कांदेवाला सरकारकडे भाव मागत होता आणि अंडेवाल्याने तो स्वतःच जाहीर करायला सुरुवात केली.

पद्धत साधी होती. देशाचे विभाग पाडायचे: नामक्कल, हैदराबाद, विजयवाडा, पूर्व आणि पश्चिम गोदावरी, होस्पेट, पुणे, सुरत, अजमेर, बरवाला. प्रत्येक विभागाने आपल्याकडचा साठा आणि मागणी पाहून शंभर अंड्यांचा भाव जाहीर करायचा. कोणाला किती वाहतूक पडते ते सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे नामक्कलचा भाव कळला की मुंबईचा अंदाज येतो. भाव फार पडला तर अंडी शीतगृहात भरायची. जोडीला जाहिरात. वारांची यमकं जुळवून रोज अंडी खायला सांगणारी ती दूरदर्शनवरची जाहिरात ज्यांनी ऐकली, त्यांना ती अजून पाठ असते. समितीचा कारभार पुण्यातून चालू लागला, रावांचा उद्योगसमूहही पुण्यात मोठा झाला, आणि १९९६ मध्ये राव वारले तेव्हा देशातल्या अंड्याच्या धंद्याचं डोकं पुण्यात होतं. या समूहाने २०१० मध्ये इंग्लंडातला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. दोन वर्षांत संघ खालच्या श्रेणीत घसरला, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांनी सामना चालू असताना मैदानात क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी सोडली होती.

समितीवर टीकाही कमी झाली नाही. भाव जाहीर होतो एक आणि व्यापारी फार्मवर येऊन देतो त्याहून कमी, ही नामक्कलची जुनी तक्रार आहे. हॅचरीवाला आणि भाव सांगणारा एकाच छत्राखाली का, हा प्रश्नही विचारला गेला. तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. १९८२ नंतर अंडं कुठे पिकतं हे ठरवण्याची ताकद शहरातल्या पेढीकडून गावातल्या फार्मकडे सरकली, आणि ज्यांच्याकडे फार्म होते त्यांचेच फार्म वाढत गेले. ज्या राज्यांना उशीर झाला त्यांच्या बाजारात आता स्वस्त अंडं रोज पहाटे बाहेरून उतरू लागलं. त्याच्याशी स्पर्धा करून स्थानिक माणसाने पाच हजार कोंबड्यांची शेड कशाला टाकावी?

या घडामोडीचा सर्वात मोठा धनी ठरलं नामक्कल. तेव्हा ते सेलम जिल्ह्यात होतं. १९९७ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालं. कावेरी जिल्ह्याच्या कडेने जाते, पण बराचसा प्रदेश कोरडवाहू. भुईमूग, ज्वारी, साबुदाण्याचा कंद. विहिरी खोल खोल गेल्या तशी इथली माणसं जमिनीवरून चाकांवर गेली. नामक्कलला ट्रकच्या बॉडी बांधल्या जातात, गॅसच्या टँकरचे ताफे इथल्या मालकांचे, आणि शेजारच्या तिरुचेंगोडच्या बोअरवेलच्या गाड्या तुम्ही मराठवाड्यातही पाहिल्या असतील, टी.एन. नंबरच्या, रात्रभर घरघरणाऱ्या. अशा गावाला अंडं दूर पाठवणं म्हणजे काय मोठी गोष्ट? ट्रक घरचा, चालक ओळखीचा, रस्ता पाठ. अंडं नेणारी गाडी मका घेऊन परत आली की रिकामी खेप नाही. पाऊस कमी, हवा कोरडी, म्हणून रोगराई कमी आणि विष्ठा लवकर सुकते. उन्हाळा कडक पण विदर्भासारखा पंचेचाळीसचा नाही. थंडी जवळपास नाहीच. पश्चिमेला केरळ: जमीन महाग, पाऊस अखंड आणि अंडी-कोंबडी खाणारं प्रत्येक घर.

नामक्कलची शेड आत जाऊन पाहण्यासारखी असते. भिंती नाहीत. सहा-सात फूट उंच खांबांवर पिंजऱ्यांच्या उतरत्या ओळी, मधून चालायला अरुंद फळी. पिंजऱ्याचा तळ तारेचा आणि पुढे किंचित उतरता, त्यामुळे अंडं पडताच घरंगळत बाहेरच्या पन्हळीत येतं. कोंबडीला ते दिसतं, चोच पोचत नाही. खाली विष्ठेचे शंकू वर्षभर वाढत राहतात आणि मग खत म्हणून ट्रकने विकले जातात. खाद्यात मका, सोयाबीनची पेंड, भाताचा कोंडा, आणि कवच पक्कं व्हावं म्हणून शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा. अंडी गोळा करणारी बाई दोन्ही हातांनी एकदम सहा उचलते आणि तिसाच्या ट्रेमध्ये न बघता बसवते. सात ट्रे, दोनशेदहा अंडी, एक पेटी. फुटकं अंडं बाजूला, ते बेकरीला. आवाज इतका असतो की बोलायचं तर ओरडावं लागतं. जिल्ह्यातून रोज कोट्यवधी अंडी निघतात. आखाती देशांत तर ती पूर्वीपासून जातातच, २०२२च्या शेवटी मलेशियात तुटवडा पडला तेव्हा तिथेही नामक्कलचीच अंडी गेली.

नामक्कलला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, आणि माझ्या मते ते व्यापाऱ्यांपेक्षा मोलाचं होतं. १९८२ मध्येच एम. जी. रामचंद्रन यांनी शाळांतली पौष्टिक आहार योजना वाढवली. १९८९ मध्ये करुणानिधींच्या सरकारने त्या ताटात दोन आठवड्यांतून एक अंडं घातलं. मग आठवड्याला एक, मग दोन, मग तीन. २०१० पर्यंत आठवड्याचे पाचही दिवस अंडं. सरकार बदललं, एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष आलटून पालटून आले, पण ताटातलं अंडं कोणी काढलं नाही. श्रावण असो की उन्हाळा, शाळा चालू आहेत तोवर ठरलेली खरेदी. मध्य प्रदेशात २०१५ मध्ये अंगणवाडीत अंडं देण्याची सूचना आली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी ती साफ नाकारली. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले.

मांसाच्या कोंबडीचं मात्र अंड्यासारखं नाही. आपल्याकडे गिऱ्हाईकाला कोंबडी डोळ्यांसमोर कापून हवी असते. म्हणजे ती जिवंत न्यायची. आणि जिवंत ब्रॉयलर ट्रकमध्ये क्रेटमध्ये रात्रभर हिंदकळला की वजन तुटतं, उन्हात चार-दोन टक्के मरतात. त्यामुळे अंड्याचा पट्टा हजार किलोमीटरवर असू शकतो, ब्रॉयलरचा शहरापासून एका रात्रीच्या अंतरावरच हवा. अंडी तीन-चार राज्यांत गोळा झाली आणि ब्रॉयलर मोठ्या शहरांभोवती कडी करून पसरला, त्याचं कारण हे.

त्या धंद्याची आजची रीत घडली नामक्कलच्या पश्चिमेला, कोइम्बतूर भागात. पल्लडम, उदुमलपेट. इथेही तीच कहाणी: कापसाचं पीक, आटलेल्या विहिरी, कर्ज. पालघाटच्या खिंडीतून येणारा वारा शेडला लाभतो, एवढीच निसर्गाची कृपा. १९८४ मध्ये उदुमलपेटला सौंदरराजन बंधूंनी सुगुणा सुरू केली. पिल्लं आणि खाद्य विकता विकता त्यांच्या लक्षात आलं की भाव पडला की शेतकऱ्याची उधारी बुडते आणि शेतकरीही बुडतो. म्हणून १९९० च्या आसपास त्यांनी उलटा व्यवहार मांडला. पिल्लू आमचं, खाद्य आमचं, औषध आणि डॉक्टर आमचा; शेड, पाणी, वीज आणि राबणं तुमचं. सहा आठवड्यांनी पक्षी आम्हीच उचलू आणि किलोमागे ठरलेली मजुरी देऊ. बाजार चढो की पडो. ‘करार पद्धत’ म्हणून ही रीत देशभर गेली, महाराष्ट्रातही आली, आणि आज नाशिक, पुणे, सांगलीकडच्या शेडवाल्याला विचारलं तर तो भावाबद्दल कमी आणि ‘एफसीआर’बद्दल जास्त बोलतो. किती किलो खाद्यात एक किलो पक्षी झाला, त्यावर त्याची मजुरी ठरते. पिल्लं कमजोर निघाली तरी मरतूक त्याच्याच नावावर चढते, ही कुरकुर प्रत्येक गावात ऐकू येते. जोखीम गेली, तशी मालकीही गेली. ज्याची विहीर आटली होती त्याला मात्र हा सौदा वाईट वाटला नाही. आजही दक्षिणेतला जिवंत ब्रॉयलरचा भाव पल्लडमच्या ब्रॉयलरवाल्यांच्या समितीकडे बघून ठरतो.

आता महाराष्ट्र. डोकं पुण्यात, सोयाबीनची पेंड लातूरची, मका जळगाव-संभाजीनगरचा, मुंबईसारखी बाजारपेठ. ब्रॉयलरमध्ये राज्य पहिल्या काहींत आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये पशुसंवर्धन खात्याने सांगितलं की राज्याला रोज सव्वादोन कोटी अंडी लागतात आणि त्यातली सुमारे एक कोटी बाहेरून येतात: कर्नाटक, तेलंगणा, तामिळनाडू. याचं कारण मला असं दिसतं की आपल्याकडे ज्याच्याजवळ पाणी आणि पैसा होता तो उसाला, द्राक्षाला, दुधाला लागला, कारखाना आणि संघ त्याच्या पाठीशी होते. ज्याच्याजवळ पाणी नव्हतं त्याच्याजवळ पैसाही नव्हता. नामक्कलसारखा, रान कोरडं पण खिशात ट्रकचा पैसा असलेला वर्ग आपल्या दुष्काळी पट्ट्यात तयार झाला नाही. तिथला माणूस कोयता घेऊन ऊसतोडीला गेला. अंड्याच्या शेडला गुंतवणूक मोठी आणि पहिलं अंडं पाच महिन्यांनी. ब्रॉयलरचा पैसा दीड-दोन महिन्यांत दिसतो, तोही कराराचा. त्याने ब्रॉयलर निवडला यात आश्चर्य नाही.

राज्यातला अंड्यांचा एक मोठा पट्टा उभा राहिला तो अगदी कडेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. रेल्वे स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असलेलं हे गाव सुरतेच्या वाटेवर आहे आणि माल तिकडेच जायचा. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला: नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१. भारतातला पहिला बर्ड फ्लू. पांढरे झगे, चष्मे आणि मास्क घातलेली पथकं शेडमध्ये शिरली, जेसीबीने खड्डे घेतले, चुना टाकला. कोंबड्या, अंडी, खाद्य, सगळं त्यात. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तेच. देशभर चिकनचा भाव कोसळला आणि पुढाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर तंगड्या चावून दाखवल्या. मानमोडीच्या लसीने जी गोष्ट शक्य केली होती, म्हणजे लाखो पक्षी एकाच गावात, तिची दुसरी बाजू त्या खड्ड्यांत दिसली. पट्टा जितका दाट तितका रोगाला सोपा. नवापूरने पुन्हा शेड उभारल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू पुन्हा आला. त्याच हंगामात बरवाल्यातही लाखो कोंबड्या गेल्या. मात्र २००८ च्या जानेवारीत बंगालात बीरभूमपासून साथ पसरली तेव्हा ज्या चाळीसेक लाख कोंबड्या मारल्या गेल्या, त्या बहुतेक परसातल्या होत्या. तिथे पथकांपासून कोंबड्या लपवल्या गेल्या. नवापूरच्या मालकाला विमा, बँक, भरपाई यांची भाषा येत होती. बीरभूमच्या बाईला येत नव्हती.

२०२३-२४ मध्ये देशात १४,२७७ कोटी अंडी निघाली, माणशी १०३. त्यातली ४६ टक्के आंध्र, तेलंगणा आणि तामिळनाडू या तीन राज्यांतली, जिथे २०११च्या जनगणनेप्रमाणे देशातली साधारण १३ टक्के माणसं राहत होती. पण काही रेषा हलू लागल्यात. उत्तर प्रदेशाने २०१३ मध्ये अंड्याची शेड टाकणाऱ्यांसाठी सवलतींचं धोरण आणलं. बंगालचा वाटा ११ टक्क्यांवर गेला आणि ते राज्य देशात चौथं आहे. आंध्रचा वाटा एका वर्षात २० वरून १८ च्या खाली आला. आणि कच्च्या मालाचं गणितही बदलतंय. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव चढल्यावर केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला मुभा दिली. पोल्ट्रीवाल्यांना हायसं वाटलं आणि लातूरच्या अडतीवर शेतकऱ्याने शिव्या घातल्या. एप्रिल २०२२ मध्ये बिहारमध्ये पूर्णियाला धान्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना सुरू झाला. इथेनॉलच्या टाक्यांकडे मका वळला तसा भाव चढला आणि तामिळनाडूच्या फार्मवाल्यांनी परदेशी मक्यावरचं शुल्क काढण्याची मागणी लावून धरली. पूर्णियातल्याच गुलाबबागच्या मंडईतला जो मका इतकी वर्षं रेल्वेच्या डब्यात बसून नामक्कलला जात होता, त्याला आता पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत गिऱ्हाईक आहे.